नोकरी जाण्याची तालीम

तिला सगळे बोर्डबाई म्हणत. पुढे तिचं पुस्तक निघालं, व्यासपीठावर तिच्यासाठी वेगळी खुर्ची मांडली जाऊ लागली, पोस्टरवर तिचा हसरा फोटो झळकला, तरी ते नाव काही सुटलं नाही. तिलाही ते सोडायचं नव्हतं.

पंखे बनवणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात, फाटकातून आत शिरल्या शिरल्या, काचेची एक खोली होती. तिथे टेलिफोनचा बोर्ड होता. समोर भोकाभोकांची उभी फळी, कानाला हेडफोन आणि हातात पिना लावलेल्या वायरी. बाहेरून फोन आला की "कोण हवंय?" विचारायचं आणि योग्य भोकात पीन खोचायची. लग्नाआधी ती या खुर्चीत बसली आणि लेक कॉलेजात गेली तरी तिथेच होती. चोरून ऐकायची तिला सवय नव्हती, पण लाइन जोडता जोडता जे कानावर पडायचं ते पडायचंच. नुसत्या "हॅलो"वरून तिला कळे की आज साहेब घरून भांडून आलेत. एकच माणूस वरच्याशी बोलताना लोण्यासारखा आणि खालच्याशी बोलताना खडीसारखा कसा होतो, हे तिच्याइतकं कुणीच ऐकलं नव्हतं.

मग आपोआप फोन जोडणारं यंत्र आलं. कपाटाएवढं, करड्या रंगाचं, एका कोपऱ्यात गप्प उभं राहणारं. बोर्डावर तीन बायका होत्या. मॅनेजरने तिघींना एकेक करून आत बोलावलं. पहिल्या दोघी डोळे पुसत बाहेर आल्या आणि त्या आठवड्यातच कचेरीतून आपला हिशेब घेऊन गेल्या. तिसरी ही.

"तुमच्या इतक्या वर्षांच्या सेवेचा कंपनीला अभिमान आहे," मॅनेजर म्हणाला आणि राजीनाम्याच्या कागदासह पेन तिच्याकडे सरकवलं.

"मला नोकरी सोडायची नाहीये," ती म्हणाली आणि पेन परत सरकवलं.

"अहो, पण आता तुमच्यासाठी काम कुठंय?"

"ते शोधायचं काम तुमचं. माझं काम वेळेवर यायचं, ते मी करीन."

तिला सरळ काढता येत नव्हतं, कायदा आडवा येत होता. म्हणून तिला एक खोली दिली. कोठाराच्या मागे, जिथली खिडकी समोरच्या भिंतीकडेच उघडायची. एक टेबल, दोन खुर्च्या. काम नाही, फोन नाही, कुणी येणं नाही की जाणं नाही. अशा खोल्या कशासाठी असतात हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. माणूस रिकामं बसून बसून स्वतःलाच नकोसा होतो आणि आपल्या पायांनी निघून जातो.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. संध्याकाळी हात धुता धुता म्हणाला, "लिफ्ट मधेच अडकली ना, की आतला माणूस आधी सगळी बटणं दाबतो. मग दार बडवतो. मग रडायला लागतो. तू कुठवर आलीस?"

"मी खाली बसलेय मांडी घालून," ती म्हणाली. "बघू, लिफ्टवाल्यांना कधी लाज वाटते ते."

रडली नाही असं मात्र नाही. पहिले काही दिवस ती त्या खोलीत रोज रडायची, पण कुंकवासारखी ठसठशीत लिपस्टिक लावून यायची आणि जाताना ती जशीच्या तशी आहे ना हे बघून बाहेर पडायची. मॅनेजरच्या खिडकीवरून जावं लागे. तिथे ती मुद्दाम पाय रेंगाळवत चालायची.

त्या खोलीत पहिला आला तो रंगखात्यातला एक कामगार. एवढा धिप्पाड गडी, पण घामाने चिंब. कारखान्यात शांत जागा तेवढी एकच होती म्हणून आला होता.

"बोर्डबाई, मला उद्या मॅनेजरसाहेबांनी बोलावलंय," तो म्हणाला. "तोंडच उघडत नाही हो माझं त्यांच्यापुढे. काय बोलू?"

बाईने दुसरी खुर्ची पुढे ओढली. "बस. मी मॅनेजर. तू तूच." मग घसा खाकरून तिने असा काही आवाज काढला की गडी बसता बसता उठून उभा राहिला. हुबेहूब मॅनेजर.

"या, या. बसा ना. काय म्हणताय, घरी सगळे बरे?"

"हो साहेब, सगळे बरे."

"मेलास!" बाई स्वतःच्या आवाजात ओरडली. "अरे, तिथेच मेलास तू. सगळे बरे म्हणालास की तो म्हणणार, मग काय चिंता, आता आराम करा. पुन्हा ये. दारापासून."

तो दारापासून आला. पुन्हा आला. चौथ्या-पाचव्या खेपेला त्याला घाम येईना. शेवटी तर तो खुर्चीत रेलून म्हणाला, "साहेब, घरचं राहू द्या. माझ्या जागी जे मशीन येतंय ते चालवणार कोण, तेवढं सांगा." बाईने टेबलावर थाप मारली. दुसऱ्या दिवशी त्याने खरोखरच हा प्रश्न विचारला. रंगाऱ्याला नव्या मशीनच्या शिक्षणाला पाठवलं.

झालं. जेवणाच्या सुट्टीत कोठारामागे माणसं दिसू लागली. कुणी डबा हातात घेऊनच यायचं. बाई घास घेता घेता मॅनेजर व्हायची, कधी त्याच्यावरचा साहेब व्हायची, कधी गोडबोल्या, कधी फाडून खाणारा. सगळ्यांच्या नोकऱ्या वाचल्या का? छे. पुष्कळांच्या गेल्या. पण गेले ते मान खाली घालून गेले नाहीत. एक पॅकिंगमधली बाई तर बाहेर येऊन म्हणाली, "काढलं मला. पण बोर्डबाई, मी बोलले! त्याला पाणी प्यावं लागलं मधे!"

हे मॅनेजरच्या कानावर न जाऊन कसं चालेल? एक दिवस तो दारात येऊन उभा राहिला.

"तुम्ही माझी नक्कल करता म्हणे."

"करून दाखवू?"

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. "ही खोली कामासाठी दिलीय तुम्हाला!"

"कुठल्या कामासाठी, साहेब?" तिने अगदी मनापासून विचारलं. "तेच तर मी इतके महिने विचारतेय."

तो निघून गेला. पुन्हा आला नाही.

काही वर्षांनी कारखानाच दुसरीकडे गेला आणि सगळ्यांबरोबर बाईही बाहेर पडली. पण तोवर तिची ख्याती पसरली होती. एका वाचनालयाने बोलायला बोलावलं, मग नर्सेसच्या संघटनेने, मग बँकवाल्यांनी. एका प्रकाशिकेने तिला गाठून पुस्तक लिहून घेतलं. नाव 'समोर बसा'. बदलत्या कामाच्या जागी माणसाने समोरच्या खुर्चीत कसं बसावं, एवढंच त्यात होतं. खपलं, आणि गंमत अशी की कंपन्यांनीच ते जास्त विकत घेतलं. बाईला प्रेरणादायी वक्ता असं नाव पडलं. तिच्या कार्यक्रमांची जुळवाजुळव करायला एक एजंट आला. सुटाबुटातला, सदा घाईत असलेला, पण मनाने सरळ. त्याने पहिल्या पोस्टरवर छापलं होतं, 'तुमच्या आतली आग पेटवा.' बाईने ते खोडायला लावलं. म्हणाली, "आग लागली की मी बंब बोलावते. भाषणं देत नाही."

व्याख्यानाची सुरुवात ती अशी करायची, "सकाळी उठून आरशात बघा आणि 'मी जिंकणार' असं म्हणा, हे मी सांगायला आलेले नाही. सकाळी आरशात बघून दात घासा. जिंकायचं दुपारी बघू." सभागृह हसायचं. मग ती कुणाला तरी वर बोलवायची, समोर बसवायची आणि तालीम सुरू व्हायची.

तिच्या लेकीने नोकरी धरली तीही नेमकी पलीकडच्या खुर्चीतली. विम्याच्या कंपनीत ती माणसं घ्यायच्या आणि काढायच्या खात्यात होती. "आई त्यांना बोलायला शिकवते आणि मी त्यांचं ऐकून घेते," असं ती हसून सांगायची. जावई म्हणायचा, "आमच्या घरात दोन्ही पक्ष जेवायला असतात."

हे हसणं एका दुपारी थांबलं.

एका बड्या कंपनीने वार्षिक मेळाव्यासाठी बाईला बोलावलं होतं. मोठं सभागृह, मऊ खुर्च्या, दारादारात फुलांच्या कुंड्या. रंगमंचामागच्या खोलीत ती पाणी पीत बसली होती. लाकडी पडद्यापलीकडे कुणीतरी येरझारा घालत एकच वाक्य घोटत होतं.

"आजपासून आपण एका नव्या प्रवासाला निघतोय. काही सहकारी या प्रवासात आपल्यासोबत नसतील." मग थांबून, जरा गोड करून, "आपले काही लाडके सहकारी."

बाईच्या हातातला पेला तसाच राहिला. हा कोणता आवाज आहे हे तिला सांगावं लागणार होतं थोडंच? तिची व्यवस्था बघायला ठेवलेली तरुण अधिकारी मुलगी दारात होती. बाईने तिला जवळ बोलावलं.

"माझ्यानंतर कोण बोलणार आहे गं?"

"संचालक, मॅडम. नवीन रचना जाहीर करणार आहेत." मुलीची नजर जमिनीवर होती. "म्हणून तुमचं आधी ठेवलंय. लोक जरा... चांगल्या मनःस्थितीत असावेत म्हणून."

"म्हणजे आधी मी गुदगुल्या करायच्या आणि मग त्यांनी सुई टोचायची."

मुलीने हातातले कागद सारखे केले.

"तुझंही नाव आहे का त्यात?"

"माहीत नाही, मॅडम. कुणालाच माहीत नाही."

एजंट शेजारीच होता. बाईच्या चेहऱ्याकडे बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "बाई, हात जोडतो. करारात आहे, कंपनीच्या अंतर्गत बाबींवर बोलायचं नाही."

"मी नाही बोलणार," ती उठत म्हणाली. "ते बोलतील."

दात घासायचा विनोद झाला. सभागृह खदखदून हसलं. मग ती म्हणाली, "आज वर कुणाला बोलावू? रोज तुम्हीच येता. आज मोठ्या साहेबांना बोलवू या. चालेल?" टाळ्यांनी छप्पर उडायची वेळ आली. संचालकही हसत हसत वर आले. उंच, रुबाबदार, केस पिकायला लागलेले. ते समोरच्या खुर्चीत बसले.

"मी तुमची साहेब. तुम्ही माझे नोकर. बरं का?"

"बरं," ते म्हणाले आणि त्यांनी खोटा नमस्कार केला. पुन्हा हशा.

बाईने घसा खाकरला. आणि त्यांच्याच आवाजात, त्यांच्याच गोडव्याने म्हणाली, "आजपासून आपण एका नव्या प्रवासाला निघतोय. आपले काही लाडके सहकारी या प्रवासात आपल्यासोबत नसतील."

लोक हसले, कारण नक्कल झकास होती. संचालक हसले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना पहिल्या रांगेने पाहिला, मग दुसऱ्या रांगेने, आणि हसू मागे मागे विझत गेलं.

"काही विचारायचंय?" बाई म्हणाली.

"हे तुम्ही... कुठून..."

"ते नंतर. आत्ता तुम्ही माझे नोकर आहात. तुम्हाला मी काढलंय. विचारा."

ते उठून जाऊ शकले असते. एजंटने विंगेत डोळे मिटून घेतले होते. पण ते बसून राहिले, गुडघ्यांवर हात ठेवून, आणि खाली बघत त्यांच्या तोंडून निघालं, "मीच का?"

हे नाटकातलं नव्हतं. तो माणूस खरंच विचारत होता. बाईला त्याची कीव आली. 

मागच्या रांगेतून कुणीतरी उभं राहिलं. "साहेब, हे आज जाहीर होणार होतं का?"

संचालकांनी माइक हातात घेतला. "हो," म्हणाले. पुढे बरंच काही म्हणाले, पण ते कुणाला ऐकू गेलं नाही, कारण एव्हाना सगळं सभागृह उभं होतं.

बाहेर पडताना एक प्रौढ बाई बोर्डबाईला आडवी आली. आता ही आभार मानणार असं वाटलं. ती म्हणाली, "काय मिळवलंत? आता कुणाला काढलंय हे न कळता घरी जायचं आम्ही. टाळ्या तुम्हाला, झोप आमची गेली." आणि पर्स छातीशी धरून झपाझप निघून गेली.

हे वाक्य बाईला लागलं.  घरी लेक वाट बघतच होती. कुणीतरी सगळं मोबाइलवर घेतलं होतं आणि ते गावभर फिरत होतं.

"आई, तू काय केलंस तुला कळतंय का?"

"कळतंय."

"नाही कळत! असं जाहीर करायचं तर कितीतरी तयारी लागते. प्रत्येकाशी कोण बोलणार, काय सांगणार, कुणाच्या घरी आजारपण आहे. मी करते हे काम. तू एका वाक्यासाठी सगळ्याचा विचका केलास."

"तयारी होती ना. त्या तयारीत मी होते. भूल द्यायला."

"मग नाही म्हणून निघून यायचं होतंस!"

"आणि त्यांनी दुसरा कुणी हसवणारा आणला असता." बाईचा आवाज चढला. "मला माणसांना गुंगवायला वापरायचं नाही. कुणीच नाही. तू सुद्धा नाही."

लेक पर्स उचलून निघून गेली. नवरा इतका वेळ दाराच्या कडीला तेल घालत होता. तो म्हणाला, "दोघींचंही खरं आहे. म्हणूनच एवढा आवाज झाला."

पुढच्या आठवड्यांत ठरलेली व्याख्यानं एकामागोमाग एक रद्द झाली. कुणाच्या सभागृहाचं काम निघालं, कुणाचे पाहुणे बदलले. प्रकाशिकेने नवीन आवृत्ती 'जरा थांबून' काढू असं कळवलं. आणि एजंट एक दिवस माफीचा मजकूर तोंडपाठ करून आला. "एवढंच म्हणायचं, बाई. 'माझा हेतू कुणाला दुखवण्याचा नव्हता.' मग ती कंपनी कोर्टात जाणार नाही."

"पण हेतू होता," ती म्हणाली. "दुखवण्याचाच होता. खोटं कशाला बोलू?"

"मग काय करू मी?"

"त्यांना सांग, माफी हवी असेल तर मला बोलवा. समोर बसून बोलू."

आश्चर्य म्हणजे संचालकांनी बोलावलं. त्यांच्या खोलीत पडदे ओढलेले होते. त्यांनी चहा मागवला आणि तो दोघांनीही प्यायला नाही.

"तुम्ही मला माझ्याच माणसांसमोर उघडं पाडलंत," ते म्हणाले.

"मी तुमचंच वाक्य बोलले. तुम्हाला ते ऐकवलं नाही, तर त्यांनी ते का ऐकायचं?"

"कपात टळणार नाही, बाई. ती माझ्या हातात नाही."

"ती टाळायला मी आलेच नव्हते. मला नोकऱ्या वाचवता येत नाहीत. कधीच आल्या नाहीत." ती पुढे झुकली. "पण सभागृहात, टाळ्यांच्या मागे लपून सांगू नका. एकेकाला इथे बसवा. 'मीच का' असं विचारतील. उत्तर द्या. नसेल तर नाही म्हणा."

ते उठून पडद्यापाशी गेले. "आणि माफी?"

"नाही."

त्यांना हसू फुटलं, तेही नाइलाजाने. कोर्टाची गोष्ट पुन्हा निघाली नाही. त्यांनी माणसांना खरंच एकेक करून बोलावलं. बरेच दिवस चाललं ते. कपात तेवढीच झाली. ती व्यवस्था बघणारी मुलगी राहिली, दुसरे कितीतरी गेले. बाईचे आभार कुणी मानले नाहीत, आणि बड्या कंपन्यांची निमंत्रणं पुन्हा आली नाहीत. पोस्टरं बंद झाली. बाई बसने जाऊ लागली. दवाखान्याच्या मागच्या खोलीत, शाळेच्या व्हरांड्यात, बस डेपोच्या विश्रांतिगृहात, जिथे बोलावतील तिथे. एजंट मात्र टिकून राहिला. "दुसरं काय करू? सवय झाली तुमची," एवढंच म्हणाला.

लेक महिनाभर आली नाही. मग एका रविवारी दुपारी आली. बाई कपड्यांना इस्त्री करत होती. लेक स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली, पाणी प्यायली, उठली, पुन्हा बसली.

"आमच्याकडेही कपात आलीय," ती म्हणाली. "उद्यापासून मला सांगायचंय लोकांना."

बाईने इस्त्री उभी केली.

"तू चुकलीसच त्या दिवशी. मी अजून तेच म्हणते."

"म्हण की."

"पण मला बोलता येईना झालंय. आरशासमोर उभी राहिले तर तुझ्यासारखा आवाज येतो." लेकीने समोरची खुर्ची बाहेर ओढली. "इथे बस. मी तुला काढते."

बाईने आजवर तालमीत शेकडो लोकांना काढलं होतं, पण तालमीत या बाजूला ती कधी बसली नव्हती. पदर सारखा करून ती बसली. 

"तुम्ही इतकी वर्षं..." लेक म्हणाली.

"ते सोड. मीच का?"

"कंपनीच्या नव्या रचनेत..."

"रचना कोण आहे? तिला बोलव. मी तिच्याशी बोलते."

"आई!"

"मी तुझी आई नाही. मी तुमच्याकडे दावे तपासते. माझा मुलगा अजून शिकतोय. मीच का?"

लेकीचा चेहरा लाल झाला. ती रागावली, दोनदा उठली, एकदा नळ सोडून तोंड धुऊन आली. बाईने एक इंचही सवलत दिली नाही. शेवटी लेक धपकन बसली, दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि थकलेल्या, साध्या आवाजात म्हणाली, "तुमचं काम आता मशीन करणार आहे. तुमचं काही चुकलेलं नाही. दोघींपैकी एकीला ठेवायचं होतं, आणि दुसरीला मशीन चालवता येतं. हे मला योग्य वाटत नाही, पण ते मी बदलू शकले नाही. तुम्ही मला बोला, मी ऐकते."

खोलीत फक्त इस्त्रीचा वास होता. दारात उभा बाईचा नवरा खाली बघत होता.

"हं," बाई म्हणाली. "आता बोललीस."

लेकीने डोळे पुसले आणि गमतीने पेन म्हणून एक चमचा तिच्यासमोर सरकवला. "मग करा सही."

"नाही करत."

"अगं आई, तालीम आहे ही!"

"असू दे," बोर्डबाई म्हणाली आणि खुर्चीत आणखी मागे रेलली. "तरी नाही करत."